कानात यंत्र लावून बसलेली ती बाई

निशेल निकल्स या अमेरिकन अभिनेत्रीचं नाव निघालं की गप्पांची गाडी पाच मिनिटांत एका चुंबनापाशी येऊन थांबते. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका, साल १९६८, गोरा कप्तान आणि काळी अधिकारी यांचं चुंबन, अमेरिकेत खळबळ. प्रश्नमंजूषेत विचारायला हे ठीक आहे. पण या बाईंनी नेमकं काय केलं हे समजून घ्यायचं असेल, तर चुंबन जरा बाजूला ठेवू आणि एका खुर्चीकडे पाहू.

एंटरप्राइझ या अंतराळयानाचा नियंत्रण कक्ष. मधोमध कप्तानाची खुर्ची, तिच्यापुढे सुकाणू सांभाळणारे दोघे. कप्तानाच्या पाठीमागे भिंतीला लागून लुकलुकत्या दिव्यांची एक फळी, आणि त्या फळीसमोर एक तरुणी. लाल गणवेश, कानात बोटाच्या पेराएवढं चंदेरी यंत्र. कप्तानाने काही विचारलं की ती खुर्ची गर्रकन वळवते, एक हात कानाशी नेते, क्षणभर ऐकते आणि सांगते, ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन, सर.’ म्हणजे समोरच्या यानाला हाक घालायची वाट मोकळी आहे, बोला. मग पुन्हा पाठ फिरवून कामाला लागते. तिचं नाव लेफ्टनंट उहुरा. ती काळी आहे, आणि त्या कक्षातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. आम्ही पोरं बघायचो ती स्पॉक या अर्ध्या परग्रहवासी अधिकाऱ्याच्या टोकदार कानांसाठी. उहुराकडे आमचं फारसं लक्षच नसायचं. आमच्या लेखी ती यानातली टेलिफोन ऑपरेटर. मामाच्या बँकेत बोर्डावर एक बाई बसायच्या तशीच ही एक, त्यात काय एवढं? हे ‘त्यात काय एवढं’ आमच्या तोंडून सहज निघावं, यासाठीच तिकडे तो सगळा खटाटोप चालला होता, हे कळायला पुढची वीस वर्षं जावी लागली.

मालिका एनबीसी वाहिनीवर सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ रोजी. हॉटेलं, खाणावळी, थिएटरं यांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. काळ्यांच्या मताधिकाराला संरक्षण देणारा कायदा होऊन एकच. सोळा-सतरा राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न हा अजून गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे मोडीत काढले जून १९६७ मध्ये. टीव्हीवर काळी बाई दिसायची ती बहुधा ॲप्रन बांधून. १९५० साली आलेल्या ‘ब्यूला’ मालिकेची नायिका काळी होती खरी, पण होती एका गोऱ्या कुटुंबाची मोलकरीण. प्रेमळ, शहाणी, मालकांचे घोळ निस्तरणारी. हिंदी सिनेमातला रामूकाका आठवा. घरातला सगळ्यात समजूतदार माणूस तोच, पण त्याचं स्वतःचं घर कुठे आहे, त्याला पोरंबाळं आहेत की नाहीत, हे तीन तासांत कुणी विचारत नाही.

असं का व्हायचं? लेखक-निर्माते सगळेच दुष्ट होते म्हणून नव्हे. त्यामागे धंद्याचं एक साधं गणित होतं. तेव्हा अमेरिकेत तीन मोठ्या वाहिन्या होत्या: एनबीसी, सीबीएस आणि एबीसी. पण त्यांचे कार्यक्रम घरोघरी पोचवायची ती गावोगावची स्थानिक केंद्रं, आणि त्यांतली बहुतेक केंद्रं वेगळ्या मालकांची. वर्तमानपत्र मुंबईत छापलं तरी तालुक्याच्या विक्रेत्याने गठ्ठाच सोडला नाही तर काय होईल, तसंच. केंद्राच्या मालकाला एखादा भाग रुचला नाही तर तो दाखवायचा नाही, एवढं त्याच्या हातात होतं. कमी केंद्रं म्हणजे कमी प्रेक्षक. प्रेक्षक कमी म्हणजे साबण आणि मोटारी विकणारा जाहिरातदार नाराज. त्यामुळे कुणी बंदी घालायची गरजच नव्हती. वर्णभेद मुरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांतली केंद्रं बिथरतील, ही नुसती धास्ती पुरायची. पटकथा लिहितानाच माणूस हात आखडता घ्यायचा.

तरीही ‘एकट्या स्टार ट्रेकने क्रांती केली’ असं जे सांगितलं जातं, ते खरं नाही. याच एनबीसीवर १९६५ पासून ‘आय स्पाय’ ही हेरकथा चालू होती आणि तिच्या दोन नायकांपैकी एक काळा होता. इतकंच काय, उहुराच्या आधी स्टार ट्रेकच्या दुसऱ्या चाचणी भागात संपर्क अधिकाऱ्याच्या जागी लॉइड हेन्स हा काळा नट बसलेला दिसतो. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी पुढे आपण वाहिनीशी कसे लढलो याच्या गोष्टी रंगवून सांगत. काळ्या आणि इतर अल्पसंख्य कलाकारांना कामं द्या असं एनबीसीचे अधिकारी स्वतःच निर्मात्यांना सांगत होते, हे त्या गोष्टींत येत नसे. काळ बदलू लागला होता. पण बदलत्या काळातही एका काळ्या बाईला अधिकाऱ्याचा हुद्दा देऊन आठवड्यामागून आठवडा खुर्चीवर बसवणं, ही वेगळीच गोष्ट होती.

या खुर्चीवर येऊन बसल्या त्या निशेल निकल्स. जन्म २८ डिसेंबर १९३२, शिकागोजवळच्या रॉबिन्स गावात. पाळण्यातलं नाव ग्रेस डेल. निशेल हे नाव त्यांनी पुढे घेतलं. रॉबिन्स हे साधंसुधं गाव नव्हे. काळ्या लोकांनी वसवलेलं आणि काळ्या लोकांनीच चालवलेलं हे गाव. निशेलचे वडील कारखान्यात काम करायचे आणि गावाचे महापौरही होते. मला या गावातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. इतर विमानतळांवर काळ्या वैमानिकांना उभं करत नव्हते, म्हणून १९३१ मध्ये काही काळ्या वैमानिकांनी रॉबिन्समध्ये स्वतःची धावपट्टी तयार केली. १९३३ च्या वादळाने त्यांचं हँगर उडवून नेलं. त्या धावपट्टीच्या गावात, त्या दोन वर्षांच्या मधेच ही मुलगी जन्मली. ती धावपट्टी बांधणाऱ्या वैमानिकांच्या मंडळाचं नाव होतं ‘चॅलेंजर’. हे नाव पुढे पुन्हा येईल.

निकल्स मुळात गायिका आणि नर्तकी. ड्यूक एलिंग्टन आणि लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदांबरोबर त्या गावोगाव हिंडल्या. रॉडनबेरींच्या आधीच्या मालिकेतही त्यांनी एक भूमिका केली होती. स्टार ट्रेकच्या चाचणीला त्या आल्या तेव्हा त्यांची भूमिका कागदावर उतरलीच नव्हती, म्हणून त्यांना वाचायला दिले ते स्पॉकचे संवाद. त्यांच्या हातात तेव्हा ‘उहुरू’ नावाची कादंबरी होती. उहुरू हा स्वाहिली शब्द, अर्थ स्वातंत्र्य. रॉडनबेरींना तो आवडला. त्याचं टोक जरा मऊ करून पात्राचं नाव पडलं उहुरा.

हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला. अरबीत ‘हुर्र’ म्हणजे स्वतंत्र. काश्मीरच्या बातम्यांतून आपल्याकडे येणारा ‘हुर्रियत’ हा शब्दही त्याच मुळाचा. साठच्या दशकात ‘उहुरू’ ही पूर्व आफ्रिकेची घोषणा होती. केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. बरोबर सात वर्षांनी, त्याच तारखेला, केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून क्ष-किरणांचा वेध घेणारा नासाचा पहिला उपग्रह सुटला, त्याचंही नाव ‘उहुरू’ ठेवलं गेलं. त्याचा आपल्या बाईंशी काही संबंध नाही. पण तो शब्द तेव्हा हवेत किती भरून राहिला होता, हे त्यावरून कळतं. अशा शब्दाचं नाव असलेलं पात्र दर आठवड्याला अमेरिकेच्या दिवाणखान्यात येऊ लागलं. आणि हे पात्र आफ्रिकेतलंच. मालिकेचा अगदी पहिला प्रसारित भाग घ्या. रूप बदलणारा एक प्राणी उहुराला भुलवायला एका देखण्या काळ्या तरुणाचं रूप घेतो आणि तिच्याशी चक्क स्वाहिलीत बोलतो.

हुद्दा मोठा, नाव भारदस्त, पण संवाद? पटकथेत उहुराला छान दोन पानं मिळायची आणि चित्रीकरणाच्या दिवसापर्यंत त्यांतली दीड गळून पडायची. उरायचं ते ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन’. निकल्स यांनी आत्मचरित्रात सांगितलंय की इतर प्रमुख नटांसारखा कायमचा करार त्यांना मिळाला नव्हता. त्या रोजंदारीवर होत्या. चाहत्यांची पत्रं पोत्याने येत, पण स्टुडिओच्या टपाल खात्यातून ती त्यांच्यापर्यंत पोचवली जात नसत, हेही त्यांनी लिहिलंय. पडद्यावर तेविसावं शतक आणि स्टुडिओच्या फाटकावर विसावं, असा तो मामला होता.

अधूनमधून मात्र एखादा प्रसंग हाती लागायचा. ‘हू मोर्न्स फॉर अडोनेस’ या १९६७ च्या भागात यानाचा संपर्क तुटलेला असतो. उहुरा तारांच्या जंजाळात हात घालून बसली आहे आणि बारीक अवजाराने जोडण्या करते आहे. ती स्पॉकला म्हणते, असं काम मी कित्येक वर्षांत केलेलं नाही, जरा चुकलं तर अख्खी यंत्रणा जळेल. स्पॉक शांतपणे उत्तर देतो की हे काम करायला तुझ्याहून लायक माणूस मला सुचत नाही. हा प्रसंग मिनिटाभराचाही नाही. कौतुक नाही, पाठ थोपटणं नाही. एका तंत्रज्ञाने दुसऱ्या तंत्रज्ञाला दिलेली पावती. मला विचाराल तर त्या चुंबनाच्या दहापट मोलाचा प्रसंग हा. दुसऱ्या एका भागात ऐन लढाईत कप्तान तिला दिशादर्शनाची जागा सांभाळायला सांगतो, ती उठते आणि जाऊन बसते. तिला हे येतं का, असं कुणी विचारत नाही.

तरी गाण्याची सवय असलेल्या बाईला ही खुर्ची पुरणारी नव्हती. पहिलं पर्व संपताच त्यांनी सोडायचं ठरवलं. ब्रॉडवेच्या रंगभूमीवरून बोलावणं होतं. एका शुक्रवारी त्यांनी रॉडनबेरींना राजीनामा दिला. त्यांनी तो ठेवून घेतला आणि म्हणाले, शनिवार-रविवार विचार करा. त्याच सुट्टीत काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा निधी जमवण्याचा कार्यक्रम होता. तिथे एक संयोजक येऊन म्हणाला, तुमचे एक मोठे चाहते आहेत, त्यांना भेटायचंय. निकल्स वळून बघतात तो समोर डॉ. मार्टिन ल्यूथर किंग.

ही हकीकत निकल्स यांनीच सांगितलेली, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या ती प्रत्येक मुलाखतीत सांगत राहिल्या. किंग म्हणाले, आमच्या घरात मुलांना रात्री जागून बघायची परवानगी आहे अशी ही एकच मालिका. त्यावर बाईंनी आभार मानले आणि बोलता बोलता सांगून टाकलं की मी सोडते आहे. किंग यांचा चेहरा बदलला. तुम्ही सोडू शकत नाही, ते म्हणाले.

त्यांनी दिलेलं कारण नीट बघण्यासारखं आहे. ही भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेली नाही, आणि बाईसाठीही नाही, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही गेलात की त्या खुर्चीत ते कुणालाही बसवतील, सोनेरी केसांच्या बाईला किंवा अगदी परग्रहावरच्या प्राण्यालासुद्धा.

याचा अर्थ काय? मोलकरणीची भूमिका असेल तर ती काळ्या नटीलाच मिळणार, कारण ती त्याच साच्यातून निघालेली. एक गेली तर दुसरी येईल. उहुराला असा साचाच नव्हता. संपर्क अधिकारी कुणीही असू शकतो, आणि म्हणूनच तिथे काळी बाई बसल्याला किंमत होती. पण त्याच कारणाने ती जागा कधीही हातची जाऊ शकत होती. भूमिकेचं बळ आणि तिचा कच्चा दुवा एकच होता. शिवाय किंग यांच्या मते आजवर जगाने काळ्या माणसांना टीव्हीवर पाहिलं ते लाठ्या खाताना, कुत्री अंगावर येताना. इथे पहिल्यांदा ती बुद्धिमान, नेटकी, आपलं काम जाणणारी माणसं म्हणून दिसत होती, तीही तीनशे वर्षांनंतरच्या जगात. म्हणजे आम्ही तोपर्यंत टिकलो आहोत, एवढी ग्वाही त्यात होतीच. मलाही तुमच्याबरोबर मोर्च्यात यायचंय, असं बाई म्हणाल्या, तेव्हा किंग म्हणाले, तुम्ही मोर्च्यातच आहात. सोमवारी त्यांनी राजीनामा मागे घेतला.

आता ते चुंबन. २२ नोव्हेंबर १९६८ ला प्रसारित झालेला ‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’ हा भाग. मनःशक्तीने दुसऱ्यांना बाहुल्यांसारखं नाचवणारे ग्रीक थाटाचे परग्रहवासी गंमत म्हणून कप्तान कर्क आणि उहुरा यांना एकमेकांचं चुंबन घ्यायला लावतात. म्हणजे गोष्टीत दोघांचीही इच्छा नाही. जुलमाचा प्रसंग आहे. वाहिनीला दोन प्रती हव्या होत्या, एक चुंबनासह आणि एक त्याशिवाय, म्हणजे दक्षिणेत अडचण नको. निकल्स सांगतात की चुंबन नसलेल्या चित्रीकरणात कर्कची भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनरने ऐन क्षणी कॅमेऱ्यात बघून डोळे तिरळे केले. रात्री फिल्म तपासली तेव्हा वापरता येईल असं एकच दृश्य होतं. अपेक्षित वादळ काही आलं नाही. पत्रं आली ती बहुतेक चांगली. वंशांचं मिश्रण आपल्याला मुळीच पसंत नाही असं सुरुवातीलाच बजावणाऱ्या दक्षिणेतल्या एका गोऱ्या प्रेक्षकानेही लिहिलं की उहुरासारखी सुंदर बाई मिठीत आल्यावर कर्कसारखा गडी नाही कशाला म्हणेल! हे ‘जगातलं पहिलं’ चुंबन मात्र नव्हे. ब्रिटिश टीव्हीवर ते कित्येक वर्षं आधी होऊन गेलं होतं. आणि याच पर्वानंतर, जून १९६९ मध्ये, ७९ भागांवर मालिका बंद पडली. प्रेक्षकसंख्या पुरेशी नव्हती, बाकी काही नाही. ती गाजली ती पुढे, स्थानिक केंद्रांनी पुन्हा पुन्हा दाखवल्यामुळे.

१९७३ मध्ये तिची ॲनिमेशन-आवृत्ती, म्हणजे कार्टून मालिका निघाली तेव्हा पैसे वाचवायला निकल्स आणि सुकाणूवरच्या सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई यांना वगळलं होतं. या दोघांना घेणार नसाल तर मीही नाही, असं स्पॉकवाल्या लेनर्ड निमॉय यांनी सांगितलं. दोघेही परत आले. त्या कार्टूनच्या एका भागात पुरुष मंडळी निकामी झाल्यावर यानाचं नेतृत्व उहुरा हाती घेते. माणसांच्या मालिकेत तीन वर्षांत तिला जे मिळालं नव्हतं, ते रेघांच्या मालिकेत मिळालं.

इथपर्यंतची गोष्ट एका नटीची. पुढची फार कमी नट्यांच्या वाट्याला येते.

१९७५ मध्ये शिकागोला स्टार ट्रेकच्या चाहत्यांच्या मेळाव्यात नासाच्या एका शास्त्रज्ञाचं व्याख्यान निकल्स यांनी ऐकलं आणि त्या खऱ्या अंतराळ मोहिमांत रस घेऊ लागल्या. त्यांना एक गोष्ट टोचली. आम्ही पडद्यावर जे यान दाखवलं, त्यात आफ्रिकन होती, जपानी वंशाचा होता, रशियन होता. आणि प्रत्यक्षात अमेरिकेने अवकाशात पाठवलेला एकूण एक माणूस गोरा पुरुष.

याचं मूळ १९५९ च्या नियमात होतं. नासाने पहिले अंतराळवीर निवडले ते लष्करातल्या जेट विमानांच्या चाचणी-वैमानिकांमधून, पदरी दीड हजार तासांचं उड्डाण असलेल्यांतून. नियमात कुठेही ‘बायका नकोत’ असं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. लष्करात बायकांना चाचणी-वैमानिक होता येतच नव्हतं, आणि काळे वैमानिक त्या पायरीपर्यंत पोचायचे ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एड ड्वाइट हा काळा वैमानिक साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या प्रशिक्षणापर्यंत पोचला होता, पण नासाने त्याला घेतलं नाही. अखेर तो अवकाशाच्या उंबरठ्यावर जाऊन आला मे २०२४ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, एका खासगी यानातून.

स्पेस शटल या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या यानाची आखणी झाल्यावर हे गणित बदललं. शटलमध्ये सात जण बसू शकत, आणि त्यांतले दोघेच चालक. बाकीच्यांनी प्रयोग करायचे, उपग्रह सोडायचे, यंत्रहात चालवायचा. त्यांच्यासाठी ‘मिशन स्पेशालिस्ट’ असा नवा वर्ग निघाला, त्याला विमान चालवता यायची अट नव्हती. डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, अभियंते, कुणीही चालेल. नासाने १९७६ मध्ये अर्ज मागवले आणि मुदत ठेवली जून १९७७ पर्यंत. स्त्रिया आणि अल्पसंख्याकांनीही अर्ज करावेत, असं आवर्जून सांगितलं. तरी ते पुरेसे येईनात.

का येईनात, हे कळणं अवघड नाही. वीस वर्षं ज्या दारावर आपल्यासारखं कुणी आत जाताना दिसलं नाही, त्या दारावर ‘सर्वांचे स्वागत आहे’ अशी पाटी लागली म्हणून कोण विश्वास ठेवणार? पोस्टाचा खर्च फुकट घालवायचा कशाला! निवड समिती कितीही निःपक्षपाती असली तरी तिच्यापुढे जे अर्ज येतात त्यांतूनच ती निवडणार. ज्याने अर्जच केला नाही त्याची निवड कशी व्हायची? अडचण परीक्षेच्या खोलीत नव्हती, फाटकाबाहेरच्या रस्त्यावर होती. आणि त्या रस्त्यावर नासाच्या अधिकाऱ्याचं कुणी ऐकणार नव्हतं. उहुराचं ऐकलं असतं.

१९७७ मध्ये नासाने निकल्स यांच्या ‘विमेन इन मोशन’ या कंपनीला हे काम कंत्राटाने दिलं. हाती चारेक महिने. काम घेतानाच त्यांनी बजावलं होतं की मी लायक माणसांचे अर्ज आणून देईन. मग त्यांतून एकही निवडला नाहीत, तर हे सगळं जगजाहीर करायलाही मीच पहिली असेन. मग त्या निघाल्या. विद्यापीठं, काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटना, अभियंत्यांची मंडळं, टीव्हीवरच्या मुलाखती. नासाने काढलेल्या प्रचारपटात त्या निळा उड्डाणवेश चढवून खऱ्या यंत्रांमधून फिरताना दिसतात. मुद्दा साधा मांडतात: ही नासा तुमची आहे, अर्ज करा. योगायोग असा की उहुराचं पहिलं नाव, जे पडद्यावर थेट २००९ च्या सिनेमात उच्चारलं गेलं, ते आहे न्योता. स्वाहिलीत अर्थ तारा. आपल्या कानांना मात्र हिंदीतलं आमंत्रणच ऐकू येतं.

एकूण आठ हजारांवर अर्ज आले. १६ जानेवारी १९७८ ला ३५ जणांची नावं जाहीर झाली. त्यांत सहा स्त्रिया, तीन काळे पुरुष आणि एक जपानी वंशाचा. सगळं श्रेय बाईंना देऊन टाकू नये. नियम नासाने बदलले होते, समान संधीचे कायदे झाले होते, स्त्री चळवळीचा रेटा होता, आणि निवडली गेलेली माणसं आपापल्या क्षेत्रांत चमकलेलीच होती. पण पाटी लागणं आणि लोकांनी दारातून आत येणं यांच्यामध्ये जी मोकळी जागा होती, तिथे त्या चार महिने उभ्या होत्या.

त्या ३५ जणांतली सॅली राइड जून १९८३ मध्ये अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री ठरली. गायन ब्लुफर्ड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला, पहिला काळा अमेरिकन म्हणून. (आफ्रिकी वंशाचा पहिला माणूस त्याआधी तीन वर्षं सोव्हिएत यानातून जाऊन आला होता. क्युबाचा अर्नाल्दो तामायो मेंदेस.) दोघेही ज्या शटलमधून गेले तिचं नाव चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६ ला तीच चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटली. आतल्या सात जणांपैकी चौघं या १९७८ च्या तुकडीतली: डिक स्कोबी, ज्युडिथ रेझनिक, एलिसन ओनिझुका आणि रॉनल्ड मॅकनेअर. ज्यांना ‘या’ म्हटलं, त्यांतले काही असे गेले. निकल्स यांच्यासाठी ती नुसती बातमी नव्हती.

मे जेमिसन ही शिकागोत वाढलेली मुलगी, लहानपणी उहुराला बघणारी. सप्टेंबर १९९२ मध्ये एंडेव्हर यानातून गेलेली ती अवकाशातली पहिली काळी स्त्री ठरली, आणि त्या उड्डाणात आपलं काम सुरू करताना जमिनीवरच्या केंद्राला सांगायची, ‘हेलिंग फ्रिक्वेन्सीज ओपन.’ जे वाक्य म्हणून म्हणून निकल्स कंटाळल्या होत्या, तेच. अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांची आठवणही अशीच. लहानपणी टीव्हीवर उहुराला बघून त्या घरभर ओरडत सुटल्या की आई, बघ, टीव्हीवर काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाहीये! पुढे त्या स्टार ट्रेकच्या नव्या मालिकेत काम मागायला स्वतःहून गेल्या. आणि आपल्या कर्नालची कल्पना चावला १९९७ मध्ये अवकाशात गेली, ती याच मिशन स्पेशालिस्टच्या जागेवर.

निकल्स स्वतः कधी अवकाशात गेल्या नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्याच उन्हाळ्यात आलेल्या पक्षाघाताच्या सौम्य झटक्यातून सावरून त्या नासाच्या सोफिया या उडत्या वेधशाळेतून गेल्या. हे एक जुनं बोइंग ७४७ होतं, २०२२ पर्यंत उडत असलेलं. त्याच्या पाठीत अडीच मीटरची दुर्बीण बसवलेली. चाळीस हजार फुटांच्या आसपास गेलं की अवरक्त किरण अडवणारी हवेतली बहुतेक वाफ खाली राहायची आणि मग विमानाच्या कुशीतलं दार उघडून दुर्बीण आकाशाकडे रोखायचे. ती रात्र त्यांनी शास्त्रज्ञांच्या पडद्यांसमोर काढली.

३० जुलै २०२२ ला न्यू मेक्सिकोत त्या वारल्या. त्यांच्या अस्थींचा अंश ८ जानेवारी २०२४ ला फ्लोरिडाहून सुटलेल्या व्हल्कन रॉकेटवर होता, रॉडनबेरी आणि मालिकेतल्या आणखी काही सहकाऱ्यांच्या अस्थींसोबत. त्याच रॉकेटवरचं चंद्राकडे निघालेलं यान बिघडून दहा दिवसांनी पृथ्वीच्या वातावरणात जळून गेलं. या मंडळींच्या अस्थी मात्र त्या यानात नव्हत्या. त्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यावर होत्या, आणि तो टप्पा सूर्याभोवती फिरतो आहे.